झांग निंगची दहा वर्षं कोणी पोसली?

प्रिय ताई, नमस्कार.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. चौथीत असल्यापासून बॅडमिंटन खेळते. शाळेत असताना जिल्ह्यात कायम पहिली यायची. आता वयोगटातून बाहेर पडली आणि गेल्या महिन्यात एका राज्य स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत १४ वर्षांच्या मुलीकडून हरली, तेही सरळ दोन गेममध्ये. परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. आठ दिवसांनी तिने जाहीर केलं की बी.कॉम.चं दुसरं वर्ष सोडून हैदराबादला अकादमीत जायचं. आमचे मिस्टर म्हणतात, आता बास. पिसांची शटल, रॅकेटचं गटिंग, बूट, स्पर्धांचा प्रवास यावर दहा वर्षं पैसा घातला, अजून धाकट्याचं शिक्षण आहे, आणि हैदराबादसाठी एफडी मोडावी लागेल. मुलगी म्हणते, चीनची झांग निंग १९व्या वर्षी १४ वर्षांच्या मुलीकडून हरली होती आणि २९व्या वर्षी ऑलिम्पिक जिंकली. मला अजून दहा वर्षं आहेत. मिस्टर म्हणतात, असल्या गोष्टी मोबाइलवर ढिगाने मिळतात. ही गोष्ट खरी आहे का? आणि खरी असेल तर आम्ही काय करावं?

— एक आई, सांगली

गोष्ट खरी आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे घरातला निम्मा वाद तरी मिटेल. झांग निंग १९९४ मध्ये १९ वर्षांची होती, समोरची मुलगी १४ वर्षांची होती आणि झांग निंग हरली. २००४ मध्ये अथेन्सला तिने ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २९ वर्षांची होती. चार वर्षांनी बीजिंगला, ३३व्या वर्षी, तिने ते पुन्हा जिंकलं. महिला एकेरीत लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णं आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेली नाहीत. तुमच्या मुलीने आदर्श निवडताना हात आखडता घेतलेला नाही, हे मला आवडलं.

पण तिने या गोष्टीची दोन टोकं धरली आहेत, हार आणि सुवर्ण. तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे तो मधल्या दहा वर्षांचा. ती दहा वर्षं कशी गेली आणि कोणाच्या पैशावर गेली, हे तिने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. कदाचित तिलाही ठाऊक नसेल. म्हणून जरा तपशिलात लिहिते. मिस्टरांनाही वाचायला द्या.

झांग निंग ईशान्य चीनमधल्या ल्याओनिंग प्रांतातली, जिनझोऊ शहरातली. जन्म मे १९७५चा. १९९१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे मुली दहावी-अकरावीत असतात त्या वयात, ती राष्ट्रीय संघात गेली. उंची १७५ सेंटिमीटर, त्यामुळे कोर्टच्या कोपऱ्यांपर्यंत हात पोचायचा. तिचा खेळ धडाधड स्मॅश मारून गुण लुटण्याचा नव्हता. समोरच्या खेळाडूला मागच्या कोपऱ्यातून नेटवर आणि नेटवरून पुन्हा मागे पळवत ठेवायचं, आणि तिची चूक होईपर्यंत थांबायचं. असा खेळ तयार व्हायला वेळ लागतो. तुमच्या मुलीचा खेळ कोणत्या जातीचा आहे, हे तुमच्या पत्रात नाही. ते महत्त्वाचं आहे, पुढे त्यावर येते.

१९९४ची ती हार साधी नव्हती. महिलांच्या सांघिक विश्वविजेतेपदाचा उबेर चषक, त्याचा अंतिम सामना, जकार्ता शहर आणि समोर यजमान इंडोनेशिया. पाच लढतींपैकी चार झाल्या तेव्हा २-२ अशी बरोबरी होती. चषकाचा निकाल पाचव्या लढतीवर आला आणि त्या लढतीत चीनकडून झांग निंग उतरली. इंडोनेशियाकडून मिया ऑडिना, वय १४. जकार्ताच्या प्रेक्षकांचा गोंगाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना तिथे पाहुण्या खेळाडूचं काय होतं ते सांगायला नको. झांग निंग तीन गेममध्ये हरली आणि चषक इंडोनेशियाकडे गेला. तुमची मुलगी दुसऱ्या फेरीत हरली, त्याचं दुःख तिचं आणि तुमचं. इथे चीनसारख्या देशाचा चषक हातातोंडाशी येऊन गेला होता आणि शेवटची लढत हरणारी म्हणून नाव लागलं ते एका १९ वर्षांच्या मुलीचं.

पुढे काय झालं? १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकला ती नव्हती. २०००च्या सिडनी ऑलिम्पिकलाही नव्हती. सिडनीला चीनच्या तीन मुली एकेरीत गेल्या: गोंग झिचाओ, ये झाओयिंग आणि दाई युन. ऑलिम्पिकला एका देशाच्या तीनपेक्षा जास्त खेळाडू एकेरीत खेळू शकत नव्हत्या, आणि चीनमध्ये त्या काळी जगातल्या पहिल्या दहांत शोभतील अशा मुलींची रांग होती. जागतिक स्पर्धेत झांग निंगला पहिलं पदक मिळालं ते २००१ मध्ये, सेव्हिलला, आणि तेही कांस्य. तेव्हा ती २६ वर्षांची होती. तिच्या वयाच्या मुली तोवर खेळ सोडून प्रशिक्षक व्हायला लागल्या होत्या, आणि मागून गोंग रुइना आणि झोऊ मी या तिच्यापेक्षा लहान मुली पुढे निघाल्या होत्या.

२००३ मध्ये बर्मिंगहॅमला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. सार्सच्या साथीमुळे ती मे महिन्यातून पुढे ढकलून जुलैच्या अखेरीस घेतली होती. तिथे अंतिम फेरीत झांग निंगने गतविजेत्या गोंग रुइनाला हरवलं. १९९४ पासून मोजलं तर नऊ वर्षं झाली होती.

आणि मग अथेन्स. अंतिम फेरीत समोर कोण, तर मिया ऑडिना! दरम्यान तिने लग्न करून नेदरलँड्स गाठलं होतं आणि आता ती त्या देशाकडून खेळत होती. झांग निंग पहिला गेम ८-११ हरली. पुढचे दोन ११-६, ११-७ जिंकले. एखाद्या लेखकाने असं कथानक रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार जुळवून आणलंय. तुमच्या मुलीला या गोष्टीने का पकडलं, ते मला नीट समजतं.

आता मिया ऑडिनाबद्दल थोडं, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. १४व्या वर्षी देशाला चषक मिळवून देणारी ही मुलगी १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली, दक्षिण कोरियाच्या बांग सू-ह्यूनकडून हरली, रौप्यपदक. २००४ मध्ये झांग निंगकडून हरली, पुन्हा रौप्यपदक. दोन वेगवेगळ्या देशांसाठी दोन रौप्यं. खेळाडू म्हणून ती थोरच, पण ऑलिम्पिक सुवर्ण किंवा जागतिक अजिंक्यपद तिला एकेरीत कधीच मिळालं नाही. मुलीला हरवणाऱ्या त्या १४ वर्षांच्या पोरीच्या नावाने घरात जे काही बोललं जात असेल ते थांबवा. तिला पुढे काय मिळेल ते तिलाही माहीत नाही. आणि बॅडमिंटनमध्ये १४ वर्षांच्या मुलीकडून हरणं ही नामुष्की नसते. त्या वयात पाय हलके असतात आणि डोक्यावर कसलंच ओझं नसतं.

आता या गोष्टीचा जो भाग प्रेरणेच्या चित्रफितींत नसतो, त्याकडे येते.

अथेन्सच्या उपांत्य फेरीत झांग निंगची गाठ तिच्याच संघातल्या झोऊ मीशी होती. झांग निंग सरळ गेममध्ये जिंकली. चार वर्षांनी चीनचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी चिनी दूरचित्रवाणीवर स्वतःच सांगितलं, की पहिला गेम झांग निंगने घेतल्यावर आम्ही झोऊ मीला फार जोर लावू नकोस असं सांगितलं होतं. अंतिम फेरीत परदेशी खेळाडूसमोर झांग निंग जास्त ताजीतवानी उतरावी, हा त्यांचा हिशेब. सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत होतं असं नाही; देशाचं सुवर्ण पक्कं करणं हे त्यांच्या लेखी कौशल्य होतं. त्याच्याही आधी, सिडनीला, दोन वेळा जगज्जेती झालेली ये झाओयिंग उपांत्य फेरीत गोंग झिचाओकडून हरली होती. ते हरणंही वरून आलेल्या आदेशाने झालं, असं ये झाओयिंगने २०२२ मध्ये डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीला सांगितलं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तर मुद्दाम हरायला खेळणाऱ्या चार दुहेरी जोड्यांना स्पर्धेतून हाकललं गेलं, त्यात एक चीनची होती, दोन दक्षिण कोरियाच्या आणि एक इंडोनेशियाची. तेव्हा सगळं जग जागं झालं. चिनी बॅडमिंटन जवळून पाहणाऱ्यांना त्याचं नवल वाटलं नसावं.

यात झांग निंगचा दोष मी काढत नाही. अंतिम सामना तिने स्वतःच्या मनगटावर जिंकला, पहिला गेम गमावून जिंकला. पण त्या दिवशी कांस्यपदकावर समाधान मानणारी झोऊ मीही कुणाची तरी मुलगी होती, तिनेही लहानपणापासून तितकाच घाम गाळला होता. २००२च्या बुसान आशियाई स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण तिचं होतं. पुढे ती राष्ट्रीय संघातून बाहेर पडली, हाँगकाँगकडून खेळली, आणि २०१० मध्ये उत्तेजक चाचणीत सापडून तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. झांग निंगची गोष्ट लिहिणारे हजार जण आहेत, झोऊ मीची गोष्ट कुणी आपल्या खोलीत चिकटवत नाही. तुमच्या मुलीला दोघींबद्दल वाचायला सांगा, आणि मग तिच्याशी बोला.

मिस्टरांचा मुद्दा पैशाचा आहे. आपल्याकडे पैशाचं बोलणं म्हणजे स्वप्नाचा खून असं मुलांना वाटतं, तसं मला वाटत नाही. झांग निंगची १९९४ ते २००३ ही नऊ वर्षं तिच्या आईवडिलांच्या एफडीवर गेली नाहीत. ती सरकारी संघात होती. त्या व्यवस्थेत मुलं लहानपणी क्रीडा शाळेत निवडली जातात, तिथून प्रांताच्या संघात, तिथून राष्ट्रीय संघात. संघात असलेल्या खेळाडूला पगार, वसतिगृह, जेवण, डॉक्टर, प्रशिक्षक, आणि सरावाला जगातल्या सर्वोत्तम मुली, सगळं मिळतं. ऑलिम्पिकला निवड झाली नाही म्हणून तिला उद्याच्या शटलचा खर्च कुठून आणायचा हा प्रश्न पडला नाही. हरूनही ती रोज सकाळी त्याच कोर्टवर उतरत होती, ये झाओयिंग आणि गोंग झिचाओ यांच्याशी खेळत होती. तिची चिकाटी मोठीच, त्यात शंका नाही. पण त्या चिकाटीच्या पाठीशी एक अख्खं सरकार उभं होतं. सांगलीच्या दोन कमावत्या माणसांनी ती जागा भरून काढायची, अशी अपेक्षा मुलीने करू नये.

त्या व्यवस्थेचंही फार कौतुक नको. २००६ मध्ये चीनमध्ये एका माजी राष्ट्रीय विजेत्या वेटलिफ्टर बाईची बातमी गाजली होती. खेळ संपल्यावर ती चांगचुनच्या सार्वजनिक स्नानगृहात लोकांची पाठ चोळून पोट भरत होती. शिक्षण झालेलं नव्हतं, दुसरं काही येत नव्हतं. लहानपणापासून फक्त खेळच केलेल्या मुलांचं पदक न मिळाल्यास, किंवा कधीकधी मिळूनसुद्धा, काय होतं याची चर्चा तिकडेही होते. तेव्हा बी.कॉम. सोडण्याच्या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे: नाही. दुसरं वर्ष पूर्ण करायचं. तिसरं बाहेरून द्यायचं असेल तर बाहेरून द्या, पण पदवी हातात यायला हवी.

झांग निंगकडून तुमच्या मुलीने खरोखर काय उचलावं, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. १९ ते २९ या वयाचा आकडा सोडून द्यावा. २००६ पाहावं.

त्या वर्षी बॅडमिंटनची गुणपद्धत बदलली. जुन्या पद्धतीत महिला एकेरीचा गेम ११ गुणांचा असे, आणि जिची सर्व्हिस असेल तिलाच गुण मिळे. समोरच्या मुलीच्या सर्व्हिसवर तुम्ही रॅली हरलात तर गुण जाई, पण स्वतःच्या सर्व्हिसवर हरलात तर नुसती सर्व्हिस जाई. थांबून थांबून खेळणाऱ्या खेळाडूला सावरायला त्यात जागा होती. नव्या पद्धतीत गेम २१चा झाला आणि प्रत्येक रॅलीला गुण. एक डुलकी लागली की चार-पाच गुण गेले. झांग निंग तेव्हा ३१ वर्षांची होती, ऑलिम्पिक विजेती होती, आणि ज्या पद्धतीत तिची कारकीर्द घडली ती पद्धतच मोडीत निघाली. शिवाय मागून शिए शिंगफांग आली होती, तिच्यापेक्षाही उंच आणि सहा वर्षांनी लहान. २००५च्या जागतिक स्पर्धेत, अनाहाइमला, अंतिम फेरीत शिएने तिला हरवलं. २००६ मध्ये माद्रिदला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा शिए, पुन्हा हार. २००७ मध्ये क्वालालंपूरला कांस्य. बहुतेक माणसं इथे थांबतात, आणि थांबली तरी कुणी बोल लावत नाही.

ती थांबली नाही आणि २००८ मध्ये बीजिंगला घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम फेरीत पुन्हा शिएशीच गाठ पडली. १६ ऑगस्टचा तो सामना मिळाला तर तुम्ही तिघं मिळून पाहा. पहिला गेम झांग निंगने २१-१२ घेतला. दुसऱ्यात शिएने तिला १०-२१ असं धुतलं. ३३ वर्षांची बाई दुसरा गेम असा हरली की तिसऱ्यात तिचे पाय संपणार, असं कुणीही म्हणेल. तिसरा गेम तिने २१-१८ जिंकला. त्या स्पर्धेच्या समारोपाला चीनचा झेंडा तिच्या हातात होता.

या सामन्यात मला दिसतो तो नुसता धीर नाही. जो खेळ तिला येत होता तो नव्या पद्धतीत पुरत नव्हता हे ओळखून तिने तिशीनंतर तो बदलला. हारीनंतर वाट बघत बसणं आणि हारीनंतर काहीतरी बदलणं, यात फरक आहे. तुमच्या पत्रात मुलगी म्हणते, मला अजून दहा वर्षं आहेत. मी तिला विचारीन, त्या १४ वर्षांच्या मुलीने तुला नेमकं कुठे पकडलं? बॅकहँडच्या कोपऱ्यात? नेटवर पोचायला उशीर होत होता? की दुसऱ्या गेममध्ये श्वास पुरला नाही? याचं उत्तर तिला देता आलं तर तिच्यात खेळ शिल्लक आहे. ती नुसतीच त्या दिवशी माझा दिवस नव्हता असं म्हणाली, तर हैदराबादला जाऊनही ती हाच खेळ महागात खेळेल.

हाच प्रश्न तिच्या आत्ताच्या प्रशिक्षकांना वेगळा विचारा, तिच्या गैरहजेरीत. स्पष्ट विचारा: ही मुलगी वरिष्ठ गटात राज्यात पहिल्या आठांत येऊ शकते का, आणि त्यासाठी काय बदलावं लागेल? प्रशिक्षक तोंडदेखलं बोलतात, कारण तुमची फी त्यांच्याकडे जाते. पण काय बदलावं लागेल असं विचारलं की गोलमोल उत्तर द्यायला जागा कमी उरते. त्यांना हेही विचारा, की हिचं दुहेरीत काय? १९-२० या वयात एकेरीतून दुहेरीकडे वळलेल्या मुली पुष्कळ असतात. दुहेरीला एकेरीइतका दम लागत नाही, पण हात जलद लागतो, सर्व्हिस आणि सर्व्हिस घेणं चोख लागतं. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं ते दुहेरीतच. आपल्याकडे पालकांना एकेरीच खरी वाटते, दुहेरी म्हणजे उरलेल्यांची सोय. हे डोक्यातून काढून टाका.

सांगलीत राहून काय होणार, असा तुमच्या मुलीचा प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे. आपल्यापेक्षा बऱ्या मुलींशी रोज खेळल्याशिवाय खेळ वाढत नाही. झांग निंगच्या बाबतीत मी पगार आणि वसतिगृह म्हटलं, पण तिला मिळालेली सगळ्यात मौल्यवान गोष्ट सरावाला मिळणारी माणसं हीच होती. पुढे ती स्वतः चीनच्या महिला एकेरीची प्रशिक्षक झाली तेव्हाही तेच. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला तिच्या हाताखालच्या ली श्वेरुई आणि वांग यिहान यांनी सुवर्ण आणि रौप्य नेलं. तिसरी, वांग शिन, कांस्यपदकाच्या लढतीत पहिला गेम जिंकून पुढे होती आणि गुडघा दुखावल्यामुळे तिला सोडावं लागलं. ते कांस्य आपल्या सायनाला मिळालं. एकाच हॉलमध्ये जगातल्या अशा मुली रोज एकमेकींना भिडत होत्या. तसं काही हैदराबादेत किंवा बंगळुरूत थोड्याफार प्रमाणात मिळतं, सांगलीत मिळत नाही. म्हणून बाहेर जाण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सगळं एकदम पणाला लावण्याला.

एफडीबद्दल. मोडू नका, निदान पूर्ण मोडू नका. तिच्यासाठी जी रक्कम तुम्ही दोघांनी मनाशी धरली असेल ती कागदावर लिहा, तिच्यासमोर लिहा, आणि सांगा की दोन वर्षांसाठी एवढे आहेत. धाकट्याचे वेगळे ठेवले आहेत, त्यांना हात लागणार नाही. १९ वर्षांच्या मुलीला हे कळतं. उलट, आईबाबांनी किती ओढून आणलं हे न सांगता पैसा येत राहिला, की प्रत्येक हारीला तिच्या छातीवर दगड बसतो. मी असे खेळाडू पाहिले आहेत, जे समोरच्या मुलीशी कमी आणि वडिलांच्या कर्जाशी जास्त खेळत होते.

या दोन वर्षांत तिने विद्यापीठाकडून खेळावं. आंतरविद्यापीठ स्पर्धा, त्यातून निवड झाली तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. इथे वरिष्ठ गटाइतकी चुरस नसते पण खेळाडू कसलेले असतात, आणि प्रमाणपत्राला किंमत असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते कोणत्या स्पर्धेत कितवा क्रमांक आला आणि प्रमाणपत्राची पडताळणी झाली का यावर ठरतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन मिस्टरांनीच नियम समजून घेतले तर फार बरं होईल. तेही या खेळात आहेत असं मुलीला वाटेल, आणि त्यांनाही दहा वर्षांचा पैसा पाण्यात गेला नाही हे दिसेल. रेल्वे, बँका, पोलीस यांच्या क्रीडा भरतीच्या जाहिरातीही पाहत राहा. आपल्याकडे खेळाडूला पगार देऊन कोर्टवर ठेवणारं जे काही आहे, ते बहुतेक हेच.

आणि तिला प्रशिक्षणात रस आहे का, ते सहज बोलण्यात काढून बघा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे, सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. शहरोशहरी सोसायट्यांत बॅडमिंटनचे हॉल निघाले आहेत आणि शिकवणारी धड माणसं मिळत नाहीत, त्यातून मुली तर फारच कमी. हे आत्ता तिला सांगितलं तर ती म्हणेल, तुम्ही मला हरलेलीच समजता. म्हणून आत्ता नाही, सहा महिन्यांनी.

परतीच्या प्रवासात ती बोलली नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हीही बोलला नाहीत ना? बरं केलंत. हरल्या दिवशी गाडीत सल्ला द्यायचा नसतो. मिस्टरांनाही सांगा, तिच्या हारीचा विषय जेवताना काढायचा नाही. पैशाचा विषय काढा, वेळ ठरवून, रविवारी सकाळी, तिघांनी बसून. झांग निंगचा विषय तिने काढलाच तर म्हणा, हो, वाचलं, आता झोऊ मीबद्दलही बोलू.

हैदराबादला जायचंच ठरलं, तर आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराची फी भरून राहू दे. तिथे कोणत्या मुलींशी सराव मिळतो, प्रशिक्षक स्वतः कोर्टवर किती वेळ असतात, की नुसतं शटल फेकायला साहाय्यक ठेवलेत, ते तिला तिथे राहूनच कळेल. वर्षाची फी एकदम भरा म्हणाले तर भरू नका.